जुन्या दालमिलच्या मशिनींची वही – लातूर, तुरीचा हंगाम २०२४-२५

मिल लातूर एमआयडीसीतली, तूरडाळीची. शेड जुनं, सगळ्या मोटरी धरून दीडशे एचपीच्या आसपास लोड, हंगामात दोन पाळ्या. मी मेंटेनन्स बघतो. मागच्या हंगामात ऐन फेब्रुवारीत मोठ्या एलिव्हेटरचं (बकेटच्या पट्ट्यानं माल वर चढवणारं मशीन) वरचं बेअरिंग जाम झालं, पट्टा जळाला, बाहेर तुरीच्या गाड्या उभ्या आणि आत सगळे हातावर हात धरून. शेठ म्हणाले एकतर सगळा प्लांट नवीन टाकू नाहीतर कायतरी सिस्टीम लावा. नवीन प्लांटचं कोटेशन आल्यावर सिस्टीमच लावायचं ठरलं. कुणाला दालमिल, जिनिंग, ऑइल मिल असल्या जुन्या जागी हेच करायचं असेल तर उपयोगी पडतील म्हणून ह्या नोंदी. थेअरी नाही.

१० ऑक्टोबर २०२४

खंडेनवमीच्या पूजेसाठी सगळ्या मशिनी धुवून पुसून होतातच, म्हणून मशिनींची यादी करायला हाच मुहूर्त धरला. वर्षातून एकदाच नेमप्लेटवरची चुनी (डाळीचा भुगा) आणि तेलाचा थर निघतो, हार घालायच्या आधी फोटो काढून घेतले. तरी निम्म्या मोटरींच्या प्लेटवर रंगाचे हात मारलेले, काहींच्या प्लेटच गायब. सगळ्यात वाईट म्हणजे कुठली मोटर कितीदा भरून (जळालेली कॉइल काढून नवीन गुंडाळून) आणली त्याची कुठंच नोंद नाही. दुकानदाराच्या बिलावर नुसतं "१५ एचपी भरली" एवढंच, कुठली १५ एचपी ते देवाला माहीत.

प्रत्येक मशीनला नंबर दिला, ऑइलपेंटनं अंगावरच लिहिला. स्टिकर लावू नका, दोन महिन्यात धूळ आणि तेलानं सुटतात. माल चालू असताना टाँगटेस्टरनं (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजायचा मीटर) प्रत्येक मोटरचे अँपिअर घेतले, आणि मोठ्या चार मोटरींचे किलोवॅट ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून पॉवर मीटर आणून घेतले. ही चार रीडिंग पुढं फेब्रुवारीत कामाला आली म्हणून सांगतोय, एवढं तरी कराच.

१७ ऑक्टोबर

शेठच्या मुलाने एक्सेल शीट बनवून दिली, बावीस कॉलम. बनवल्याची तारीख, क्षमता, घसारा, अमुक तमुक. चार दिवस टॅब फिरवला, एकाने पण भरली नाही. भरणार कशी, हाताला तेल, डोळ्यात धूळ आणि टॅबवर इंग्रजी.

मग साधी लाँगबुक घेतली, दोरीनं खांबाला बांधली, मराठीत पाच रकाने. मशीन नंबर, काय दिसलं, कसं वाजतंय, हात टिकतो का, कुणी बघितलं. "कसं वाजतंय" आणि "हात टिकतो का" हे दोन रकाने एमरीवर (तूर घासून साल काढणारा खरखरीत रोलर) काम करणाऱ्या मामांनी घालायला लावले. मामा ह्याच शेडात म्हातारे झालेत. बेअरिंगच्या घरावर तळहात ठेवतात आणि सांगतात. मी दोन आठवडे त्यांच्या मागं इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन फिरलो. मामा "टिकत नाही" म्हणले की मीटर साठच्या आसपास किंवा वर, "टिकतोय पण नको वाटतं" म्हणले की पन्नास-पंचावन्न. मीटर स्वच्छ पृष्ठभागावर बरोबर दाखवतो, चमकत्या शाफ्टवर भलतंच कमी दाखवतो हे पण तेव्हाच कळलं, तिथं काळ्या रंगाचा एक ठिपका मारला की काम होतं. आणि हात लावायचा तो फक्त बेअरिंगच्या घराला, फिरत्या शाफ्टच्या वा पट्ट्याच्या जवळ नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहिलंय.

५ नोव्हेंबर

दिवाळी संपली. एका कंपनीचे व्हायब्रेशन सेन्सर ट्रायलला आले. कंपनीचं नाव घेत नाही, वस्तू वाईट नव्हती, आमच्या शेडासाठी नव्हती. सोबत एक पीपीटी, त्यात इंडस्ट्री ५.०, म्हणजे युरोपियन कमिशनने २०२१ ला मांडलेलं ते, माणूस मध्यभागी, पर्यावरण टिकलं पाहिजे, धक्का बसला तरी उद्योग उभा राहिला पाहिजे. वाचायला झकास. पण पीपीटीत माणूस मध्यभागी आणि सेन्सर लावायला आलेल्या पोरानं मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला एक शब्द विचारला नाही, सरळ शिडी लावून चढला.

१९ नोव्हेंबर

सेन्सरचा हिशोब. पत्र्याच्या शेडातून वायफाय धड येत नाही, दोन राऊटर वाढवले तरी एलिव्हेटरच्या डोक्यावरचा सेन्सर मधेच गायब. चिकटपट्टीवाले तेलानं सुटून पडले, एक तर सरळ बकेटमधून डाळीत गेला असता, नशीब मॅग्नेटवर अडकला.

अलार्म सगळे शेठच्या फोनवर. रात्री दोनला फोन वाजतो, शेठ मला उठवतात, मी पाळीवाल्याला फोन करतो, तो म्हणतो सगळं ठीक चालूय. जास्तीत जास्त अलार्म चाळणीचे. आता चाळणीचं कामच हलायचं आहे! आयएसओ १०८१६ ह्या मशीनच्या कंपनांच्या मानकात १५ किलोवॅटपर्यंतच्या लहान मशीनला सेकंदाला ४.५ मिलिमीटरच्या पुढं धोका धरलाय, कंपनीने तोच आकडा सगळीकडं टाकलेला, चाळणीला आणि डिस्टोनरला (खडे वेगळे करणारं मशीन) पण. त्यांच्या इंजिनिअरला हे सांगितलं तर म्हणाला "लिमिट वाढवून देतो". वाढवत वाढवत इतकी वाढली की मग चाळणी तुटून पडली तरी वाजला नसता.

दुसरी गोष्ट जास्त नुकसानीची. पाळीत बोलणं सुरू झालं की हे डबे आपल्यावर नजर ठेवायला बसवलेत, कोण किती वेळ मशीन बंद ठेवतो ते शेठला दिसणार. त्या दोन आठवड्यात वहीत एकानं पण काही लिहिलं नाही.

हलर (साल काढायचं मशीन) आणि ब्लोअरच्या मोटरवर दोन सेन्सर ठेवले, तिथं वेग जास्त आणि पाया पक्का म्हणून आकडे खरे येतात. बाकी परत. ट्रायलचे १८ हजार गेले.

२७ नोव्हेंबर

आता खरं काम. एलिव्हेटरचं वरचं बेअरिंग मागच्या वर्षी का गेलं? ग्रीस नव्हतं. ग्रीस का नव्हतं? चार्टवर तर दर सोमवारी टिकमार्क आहे. शेठ म्हणत होते पोरं कामचुकार आहेत. वर चढून बघितलं तर कळलं. पस्तीस फूट उंच, उभी शिडी, शिडीला पिंजरा नाही, एका हातात ग्रीसगन, वर पत्र्याखाली भट्टी आणि ग्रीस भरायचं निप्पल भिंतीच्या बाजूला तोंड करून. मी स्वतः दुसऱ्यांदा चढलो नसतो. टिकमार्क खालूनच होत होते आणि व्हायचेच.

उपाय साधा, ग्रीसच खाली आणायचं. पाव इंची तांब्याची नळी वरच्या बेअरिंगपासून छातीएवढ्या उंचीपर्यंत, खाली पाटीवर निप्पल, निप्पलच्या शेजारी मशीनचा नंबर. चार एलिव्हेटरच्या आठ लाईन, नळी, फेरूल, निप्पल, वेल्डरची मजुरी धरून ९,४०० रुपये.

३ डिसेंबर

पहिली लाईन नायलॉनच्या नळीची टाकलेली, स्वस्त पडते म्हणून. गनच्या दाबानं वरच्या वाकणात फुटली आणि सगळं ग्रीस पत्र्यावर. तांब्याचीच टाका. आणि नळी बेअरिंगला जोडायच्या आधी पूर्ण ग्रीसनं भरून घ्यायची, वरच्या टोकातून ग्रीस बाहेर आलेलं डोळ्यानं बघायचं, मगच जोडायची. नाहीतर पुढचे कितीतरी सोमवार आपण नुसती नळीच भरत बसतो आणि बेअरिंग उपाशीच.

ग्रीस किती मारायचं ह्यावर मोठा वाद झाला. जुनी सवय म्हणजे सील मधून बाहेर येईपर्यंत मारायचं. जास्त ग्रीसनं पण बेअरिंग तापतं आणि सील फाटतं. अंदाज असा धरला, बेअरिंगचा बाहेरचा व्यास गुणिले रुंदी, दोन्ही मिलिमीटरमधे, त्याला ०.००५ नं गुणायचं, येतात ते ग्रॅम. ६३०८ नंबरच्या बेअरिंगला ९० गुणिले २३, म्हणजे साधारण १० ग्रॅम. आता ग्रॅम कुणाला कळतात? म्हणून गनचे दहा स्ट्रोक कागदावर काढून लॅबच्या काट्यावर वजन केलं, आमच्या गनचा एक स्ट्रोक सव्वा ग्रॅमच्या आसपास. मग पाटीवर ग्रॅम लिहिलेच नाहीत, "८ स्ट्रोक" एवढंच लिहिलं. दुसरी गन आणली तर परत वजन करायचं, प्रत्येक गनचा स्ट्रोक वेगळा असतो.

डाळीच्या डोक्यावरचं बेअरिंग म्हणून तिथं फूड ग्रेड, एच१ वालं (चुकून थोडं मालाला लागलं तरी चालणारं) ग्रीस घेतलं. साधं किलोला साडेतीनशे, हे अकराशे. शेठनं तोंड वाकडं केलं पण गळालं तर थेंब डाळीत जाणार, आणि चुनी तर जनावरं खातात. ग्रीस बदलताना जुनं धुवून काढा, दोन वेगळ्या जातीची ग्रीसं एकमेकांत मिसळली तर पातळ होऊन वाहून जाऊ शकतात. आम्ही एका बेअरिंगला घाई केली, आठवड्यात सगळं खाली गळालं.

१२ डिसेंबर

कॉम्प्रेसर. कलर सॉर्टरला (रंग बघून खराब दाणा हवेच्या झोतानं उडवणारं मशीन) हवा लागते, २० एचपीचा स्क्रू कॉम्प्रेसर दिवसभर धापा टाकत असतो. जेवणाच्या सुट्टीत सगळं बंद करून फक्त कॉम्प्रेसर चालू ठेवला आणि मोबाईलवर वेळ लावली. ८० सेकंद लोड (हवा भरतोय), १६० सेकंद अनलोड (नुसता फिरतोय), असंच परत परत. म्हणजे २४० मधले ८०, ३३ टक्के हवा कुणी न वापरता बाहेर. ही टेस्ट फुकट आहे, कुणीही करावी. ३ मिलिमीटरचं एक भोक ७ बारला तीन किलोवॅटच्या वर खातं.

गळती शोधायला मी साबणाचं पाणी घेऊन निघालो तर सॉर्टरवर निवडायला बसणाऱ्या मावशी म्हणल्या, "आवो तिकडं काय शोधूलालाव, ह्या कोपऱ्यात दोन वर्षापासून साप फुसफुसूलालाय." त्यांनी बसल्या जागेवरून सहा ठिकाणं दाखवली. सगळी बरोबर. त्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं, आणि त्यांना वाटायचं मशीनचा आवाजच तसा आहे. सॉर्टरच्या आतले हवेचा झोत मारणारे काही इजेक्टर पण गळत होते, त्यांचे सील बदलले. पाईप, फिटिंग, सील मिळून २३ हजार. परत टेस्ट केली, २५ लोड, १७५ अनलोड, साडेबारा टक्क्यावर आलं. दिवसाला पन्नासएक युनिट वाचतात.

दाब पण ७.५ वरून खाली आणला, एक बार कमी केला की साधारण सात टक्के वीज वाचते. लोभानं ६ वर नेला तर सॉर्टर काळा दाणा सोडायला लागला, माल परत फिरवावा लागला. ६.५ वर ठेवलाय.

हवेची एक बंदूक मात्र काढून टाकता येईना. पाळी सुटली की सगळे त्या बंदुकीनं अंगावरची धूळ उडवतात. डोळ्यात, कानात हवा गेली तर माणूस अधू होऊ शकतो, सगळ्यांना माहीत आहे, तरी करतात. बोर्ड लावला, काही उपयोग नाही. मावशींना विचारलं तर म्हणल्या तुरीच्या फोलपटाची खाज घेऊन घरी जायचं का, लेकरं अंगाला चिकटतात. मग मागच्या बाजूला नळ, आडोसा, दोन मोठे मऊ ब्रश आणि बायकांना साडीवर घालायला लांब कोट. बंदूक आता माझ्या कपाटात आहे, कुणी मागितली नाही.

२१ डिसेंबर

पट्ट्यांच्या जाळ्या. तेव्हा लागू असलेल्या फॅक्टरी ॲक्ट १९४८ च्या कलम २१ प्रमाणे फिरत्या भागाला कुंपण पाहिजे होतं. आमच्याकडं कुंपणं होती, भिंतीला टेकवून ठेवलेली. प्रत्येक जाळीला आठ नट. पट्टा बघायचा म्हणलं की आठ नट काढा, परत लावा, कोण लावणार. वेल्डरकडून त्याच जाळ्यांना बिजागरी आणि एक कडी लावून घेतली, पत्र्याच्या जागी बारीक जाळी, म्हणजे न उघडता पट्टा दिसतो. भंगारातले अँगल वापरले, मजुरी फक्त. सोबत प्रत्येक स्टार्टरला कुलूप लावायची सोय केली, मशीनमधे हात घालणाऱ्यानं आपलं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात.

२९ डिसेंबर

उद्या येळवस (वेळ अमावस्या, रानात पूजा आणि जेवण करायचा सण). शेठ म्हणाले मिल बंदच आहे तर उद्याच सगळे पट्टे बदलून घेऊ. मी म्हणलं उद्या ह्या शेडात मी पण येणार नाही. लातूर-धाराशिवकडचा माणूस येळवसला रानात नसेल तर घरचे वर्षभर ऐकवतात. मागं कधीतरी असाच शटडाऊन ठेवला होता म्हणे, दोन बाहेरची पोरं घेऊन, चुकीच्या सेक्शनचे पट्टे चढवून गेले. म्हणून आज दुपारीच मिल थांबवली आणि रात्री नऊपर्यंत काम केलं, जेवण मिलचं, तासांचे दुप्पट पैसे.

एक गोष्ट पक्की करा, तीन पट्ट्यांची पुली असेल तर तिन्ही एकदम बदला. एकच नवीन टाकला की सगळा ताण तोच ओढतो आणि आठवड्यात तुटतो, मग म्हणायचं पट्टा डुप्लिकेट होता. जुन्यातले चांगले पट्टे जोड्या लावून लहान ब्लोअरला वापरले.

आता वर्षाचं कॅलेंडरच तसं केलंय, येळवस, पोळा, गौरी-गणपती, गावची जत्रा आधी लिहायची आणि मग मोठी कामं त्यांच्या आदल्या-मागल्या दिवशी बसवायची. परवा मामा डबा घेऊन येतील, भज्जी आणि उंडे, आंबील पण आणा म्हणून सांगून ठेवलंय.

९ जानेवारी २०२५

माल जोरात चालू झाला, बीडीएन ७११ वाणाचा पांढरा दाणा आणि लाल तूर दोन्ही येऊलालीय. आणि वहीत परत शुकशुकाट. बिघाड तर होतायत, मग लिहीत का नाहीत?

रात्रपाळीच्या पोरानं चहाच्या टपरीवर सांगितलं, शेडात नाही. टनामागं बोनस आहे. मशीन बंद म्हणजे टन कमी, टन कमी म्हणजे सगळ्या पाळीचा बोनस कमी. ज्यानं "आवाज येतोय, बंद करा" म्हणलं त्याला बाकीचे दहा जण शिव्या घालणार. आणि मशीन आपोआप तुटली तर? तर तो बिघाड, त्यात कुणाचा दोष नाही, आणि ब्रेकडाऊनच्या दिवशी शेठ सरासरी टन धरून देतात. म्हणजे आधी सांगणाऱ्याचा तोटा आणि तुटेपर्यंत चालवणाऱ्याचा काही तोटा नाही, असा आमचाच नियम. ह्याच्यावर सेन्सर काय करणार.

शेठसमोर मागच्या फेब्रुवारीचा हिशोब मांडला. बेअरिंग अठराशेचं. पट्टा, बकेट, शाफ्ट घासला तो टर्निंगला, गाड्यांचं खोळंबा भाडं, बंद मिलमधला सरासरी बोनस, सगळं धरून एक लाख चाळीस हजार. शेठ गप्प बसले मग म्हणाले पण पोरं उगाच बंद करतील. मी म्हणलं करतील.

१५ जानेवारी

नवा नियम फळ्यावर. कुणालाही मशीनवर लाल पाटी लावून बंद करता येईल, आणि बिघाड व्हायच्या आधी सांगून बंद केलेला वेळ बोनससाठी चालू धरला जाईल, पाळीला जास्तीत जास्त दोन तास. दोन तासाची अट शेठची. पाटी लावताना खडूनं कारण लिहायचं.

२८ जानेवारी

उगाच बंद केली का? केली. एकदा तर तंबाखू मळायला पाटी लागली, कारण काय तर "आवाज". पण फळ्यावर कारण सगळ्यांसमोर राहतं आणि उघडून बघितल्यावर काय निघालं ते पण खाली लिहितो, त्यामुळं तो प्रकार पाळीतल्यांनीच थांबवला. मला बोलावं लागलं नाही.

काल रात्रीची गोष्ट महत्त्वाची. दोन नंबर एलिव्हेटरला पाटी, कारण "सूर बदललाय, मधी मधी टक". मी तपासायला म्हणून ट्रायलवाल्यांचा हातातला व्हायब्रेशन मीटर मागून आणला, वरच्या बेअरिंगवर लावला, आकडा अगदी लहान, हिरवा. मामा म्हणले उघडा. उघडलं तर बेअरिंगचा पिंजरा (गोळ्या जागेवर धरणारी कडी) एका बाजूनं तुटलेला. वरची पुली मिनिटाला ऐंशीच्या आसपास फेरे, इतक्या हळू फिरणाऱ्या बेअरिंगला असला साधा मीटर जवळजवळ आंधळा असतो, त्याची मापं जोरात फिरणाऱ्या मोटरी-पंपांसाठी आहेत. बेअरिंग बदलायला सव्वा तास. सकाळची पाळी वेळेवर. शेठनं पोराला पाचशे दिले, मी सांगितलं एकट्याला नका देऊ, पाळीला चहा-पोहे द्या, नाहीतर परत तेच होईल.

१४ फेब्रुवारी

एक नंबर हलरची १५ एचपी मोटर जळाली. पुन्हा भरायची का नवीन? भरायचे साडेअकरा हजार, आयई३ (कमी वीज खाणारी) नवीन ४८ हजार. शेठ अर्थातच भरा म्हणाले.

ऑक्टोबरचं रीडिंग काढलं, पूर्ण मालावर ही मोटर ९.६ किलोवॅट घ्यायची. ११ किलोवॅटच्या चार पोलच्या आयई३ मोटरची एफिशिअन्सी ९१.४ टक्के असते. आमचीवाली त्याच्या बरीच खाली घसरलेली, कारण भरताना दुकानात जुनी कॉइल गॅसची ज्योत लावून जाळून काढतात, त्यात आतल्या पत्र्यांचं इन्सुलेशन जातं आणि पुढं मोटर आयुष्यभर जास्त तापते. भरणं वाईट असं नाही, कमी तास चालणारी मोटर आम्ही अजून भरूनच वापरतो, फक्त ज्योत लावू नका असं दुकानदाराला सांगून. ही मात्र हंगामात १२ तास चालते. नवीन घेतली, जुनीचे भंगाराचे सहा हजार आले.

२० फेब्रुवारी

नवीन मोटर बसवल्यापासून चुरी (तुटलेली डाळ) वाढली. तीन दिवस आम्ही माल ओला आहे, तेल कमी पडलं, तूर जुनी आहे असं एकमेकांना सांगत राहिलो. मामा म्हणले "मशीन पळूलालीय." टॅकोमीटर लावला. जुनी मोटर लोडवर १४३० फिरायची, नवीन १४६५. चांगल्या मोटरला स्लिप (लोडवर वेग मागं पडणं) कमी असते म्हणून ती थोडी जोरात फिरते, आणि रोलर पण अडीच टक्के जोरात, दाण्याला तेवढं पुरतं फुटायला. मोटरची पुली टर्नरकडून तेवढी उतरवून घेतली, ६०० रुपये. चुरी जाग्यावर आली. ब्लोअरला नवीन मोटर लावणाऱ्यांनी तर हे नक्की बघा, पंख्याचा वेग थोडा वाढला तरी लोड बराच वाढतो आणि वाचलेली वीज तिथंच जाते.

पुली बदलल्यावर ९.० किलोवॅट. हंगामाचे २,४०० तास धरले तर १,४४० युनिट, आमच्या बिलात युनिट सगळं धरून नऊला पडतं, म्हणजे वर्षाला तेरा हजार. भरण्यापेक्षा जो जास्तीचा खर्च झाला तो सव्वादोन-अडीच वर्षात निघेल. ऑक्टोबरचं रीडिंग नसतं तर शेठला मी काय दाखवणार होतो.

२४ मार्च

ऊन वाढलं. कॉम्प्रेसर दुपारी दोन-तीनला ट्रिप, आतलं टेंपरेचर १०५ च्या पुढं. दोनदा ऑइल बदललं, कूलर धुतला, तरी तेच. शेवटी कळलं की कॉम्प्रेसर आपलीच गरम हवा परत ओढतोय, खोली लहान आणि वर जाळी फोलपटानं बंद. पत्र्याची डक्ट करून गरम हवा बाहेर काढली, हवा घ्यायची बाजू उत्तरेला, सावलीत. सात हजार.

तिथं काम करताना आम्हालाच चक्कर आली तेव्हा डोक्यात आलं की कॉम्प्रेसरला सावली आणि माणसाला पत्रा. मग छताला बाहेरून चुन्याचा पांढरा हात, आतलं टेंपरेचर दुपारचं तीन-चार अंशानं उतरलं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं हे गाव, पाण्याचे मोठे कूलर लावायचा विषय कुणी काढला पण नाही.

पाळ्या पण बदलल्या, पहाटे पाच ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते अकरा, मधे बंद. शेठला टन कमी होतील वाटत होतं. झाले नाहीत, कारण दुपारी तसंही कॉम्प्रेसर आणि माणसं दोन्ही अर्ध्यावरच चालायची. लांबून येणाऱ्या तिघांना मात्र ही वेळ जमत नाही, रात्री अकराला गावाकडं गाडी नसते. त्यांच्यासाठी मिलच्या छोट्या टेम्पोची फेरी लावलीय, डिझेलचा खर्च आहे, तो कुठल्या खात्यात लिहायचा ह्यावर मुनीमजी अजून भांडतात. मी म्हणलं मेंटेनन्समधे लिहा.

१८ एप्रिल

दोन नंबर एमरी रोलर झिजला. नवीन घ्यायच्या ऐवजी जुन्या ड्रमवर एमरी भरून घ्यायची ठरवली. एमरीचे दाणे, मॅग्नेसाइट आणि मॅग्नेशियम क्लोराइडचं पाणी, असा लगदा. भरणाऱ्या कारागिरानं मामांना शेजारी बसवून दाण्याचा नंबर ठरवला, मामांना बारीक पाहिजे होता, कारागिराला जाड. मधला घेतला. भरल्यावर उन्हात ठेवायचा नाही, वरून वाळतो आणि आतून कच्चा राहतो, सावलीत पूर्ण सेट होऊ द्यायचा. आमच्या पोरांनी पहिल्या दिवशी उचलून अंगणात नेऊन ठेवला, एका बाजूला केसाएवढी चीर पडली, तेवढा भाग परत खरवडून भरला. फिरवायच्या आधी बॅलन्सिंग करून घ्या, आणि पहिल्यांदा चालू करताना समोर कुणी उभं राहू नका.

११ मे

हंगाम संपत आला. वहीची तिसरी लाँगबुक चालू आहे. शेठच्या मुलाने ती टाईप करून घेतली, आता त्याची एक्सेल पाच रकान्यांचीच आहे.

मामा दिवाळीनंतर येणार नाहीत म्हणतात, गुडघे गेलेत. रात्रपाळीचा तो पोरगा आठवड्यातून दोन दिवस दिवसपाळीत त्यांच्यासोबत ठेवलाय, पगार कारागिराचा. मोबाईलवर मशिनींचे चांगले-वाईट आवाज रेकॉर्ड करून बघितले, शेडातल्या गोंगाटात सगळे सारखेच ऐकू येतात, सोडून दिलं. त्याऐवजी लांब स्क्रूड्रायव्हर बेअरिंगच्या घराला आणि मूठ कानाच्या हाडाला लावून ऐकायची जुनी पद्धतच चालूय, आणि स्टेथोस्कोपसारखं मेकॅनिकचं एक साधन मिळतं ते आठशेला आणलंय, मामांना ते आवडत नाही.

राहिलेली कामं: एलिव्हेटरच्या शिडीला पिंजरा (कोटेशन २२ हजार, शेठनं हो म्हणलंय पण ऍडव्हान्स दिला नाही), ग्रेडरच्या एक्सेंट्रिकचं बुश, तीन नंबर ब्लोअरची मोटर, आणि बोनसची दोन तासाची अट तीन तासावर न्यायची. अटीचा विषय पोळ्याच्या आधी काढणार आहे, नवीन हंगामाचे दर तेव्हाच ठरतात.